तालमीतली अक्का

"बाबांनी हाक मारली तर माझ्यासारखं बोल हं, मैने."

खिडकीच्या चौकटीत एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि तो दबका, हसरा, घाईतला आवाज. इतकी वर्षं लोटली, मध्ये समुद्र आला, संसार झाला, केसांत चांदी उतरली, तरी मैनाच्या कानातला तो आवाज काही म्हातारा झाला नव्हता. तिन्हीसांजेला अक्का खिडकीतून उडी टाकून बंदरावरच्या कामगारांच्या सभेला पळायची आणि मागे उरलेली धाकटी पांघरुणात तोंड खुपसून पडायची. बाहेरच्या खोलीतून बाबा विचारायचे, "अक्का, जेवलीस का गं?" मैना अक्काच्या आवाजात उत्तर द्यायची, "हो बाबा. केव्हाच." त्या 'केव्हाच'च्या आधी अक्का जराशी थांबायची, जणू शब्द पाण्यात बुडवून निथळत धरायची. मैनाही तेवढंच थांबायची. बाबा फसायचे. आई फसायची नाही. ती नुसती म्हणायची, "मैने, तुझ्या गळ्यात दोघी नांदतात गं."

आता त्याच गळ्याचा तिला पगार मिळत होता.

लग्न होऊन मैना ज्या देशात आली तो इतका मोठा होता, की त्याच्या एका किनाऱ्यावर दिवे लागले तरी दुसऱ्या किनाऱ्यावर माणसं दुपारची आडवी झालेली असत. आणि ज्या बेटावर ती जन्मली ते इतकं छोटं, की नकाशावर त्याचं नाव लिहायला समुद्रात जागा शोधावी लागे. त्या बेटाची शांतिसभेतली प्रतिनिधी होती अक्का. जगातल्या देशांनी आपली भांडणं समोरासमोर बसून मिटवावीत म्हणून उभारलेली ही सभा दूरच्या एका शहरात भरे. आणि मैना नोकरीला होती मोठ्या देशाच्या परराष्ट्र खात्यात. अक्काला तिनं सांगितलं होतं, "फायली लावते गं. धूळ झटकते." अक्का म्हणायची, "झटक बाई. सरकारी धूळ हट्टी असते."

खरं काम निराळं होतं. खात्याच्या इमारतीत, लांबलचक बोळाच्या टोकाला, खिडक्या नसलेली एक खोली होती. पहिल्यांदा तिचं दार उघडलं तेव्हा मैना उंबऱ्यातच थबकली. शांतिसभेचं मुख्य दालन तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. त्याचीच जुळी बहीण समोर बसली होती. तेच घोड्याच्या नालासारखं वळलेलं टेबल, बोलणाऱ्यापुढे लागणारा तोच लाल दिवा, त्याच घाटाचे पेले. खऱ्या दालनात बेटाच्या प्रतिनिधीची खुर्ची मागे रेललं की कुरकुरते. इथली खुर्चीही कुरकुरायची. तिला तसं कुरकुरायला लावण्यासाठी एक सुतार दिवसभर खपला होता म्हणे.

या खोलीत तालीम चाले. शांतिसभेत मोठ्या देशाला काही मंजूर करून घ्यायचं असलं, की आधी ते इथे घडवून बघायचं. प्रत्येक खुर्चीत एकेक देश बसायचा. म्हणजे त्या देशाची नाडी ओळखणारं, पगारी माणूस. तो देश काय बोलेल, कुठे अडेल, कशावर खूश होईल, कशाचा राग धरेल, ते सगळं आधी इथे बोलून घ्यायचं. मग खऱ्या सभेत मोठ्या देशाच्या राजदूतबाई जायच्या तेव्हा त्यांच्या ओठांवर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पिकून तयार असायचं.

बेटाच्या खुर्चीत मैना बसे. ती अक्काची बहीण आहे हे खात्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर तिला बसवलं होतं. बोळातल्या या खोलीबद्दल बाहेर चकार शब्द काढला तर तुरुंग, असं लिहून घेतलं होतं. सुरुवातीला मैनाला त्यात गंमतच वाटली. दर आठवड्याला फोनवर अक्काशी गप्पा, आणि मधले दिवस अक्का होऊन बसायचं. माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं तिला. शिवाय आजवरचे विषयही तसेच असत. समुद्रातला कचरा, हवामानाची केंद्रं, साथीची औषधं. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

"काय बेट, आज भरती की ओहोटी?" शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ रोज विचारायचे. ते बेटाचा शेजारी देश व्हायचे. जहाज कंपनीतून निवृत्त झालेले, खिशात कायम गोळ्या.

"तुमच्याकडे बघून ओहोटीच," मैना म्हणायची.

"बघा, शेजाऱ्याशी असं वागणं! उद्या मदत मागायला याल."

"चला, पुरे," तालीममास्तर टाळी वाजवायचे. बारीक अंगाचे, मऊ आवाजाचे, कधी कुणावर न ओरडलेले मास्तर. कुणी म्हणे ते पूर्वी नाटकात होते, कुणी म्हणे तुरुंगात जबान्या घ्यायचे. दोन्ही खरं वाटायचं.

त्या वर्षी बेटावर निवडणुकीनंतर दोन गटांत डोकी फुटली, बंदरातली गोदामं जळली. मोठ्या देशानं लगेच ठराव मांडला, की शांतिसभेनं तिथे शांतिसेना पाठवावी, म्हणजे दोन्ही गटांवर नजर ठेवणारे मूठभर निरीक्षक. माणसं आणि जहाजं मोठा देश पुरवील. मैनाला ते चांगलंच वाटलं. आपल्या गल्लीत मारामारी होत असताना कुणीतरी मध्ये पडतंय, याचं कुणाला वाईट वाटेल?

पण एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरेना. चहाच्या सुट्टीत तिनं मास्तरांना विचारलं, "तुमच्या एका जहाजावर आमचं अख्खं गाव मावेल. तुम्हाला कुणी अडवणार आहे का? मग आम्हाला विचारायचं, सभा भरवायची, तालमी करायच्या, कशाला एवढा खटाटोप?"

मास्तर चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "आपण आपल्या बळावर गेलो, तर लोक म्हणतील मोठा देश आला. शांतिसभेच्या झेंड्याखाली गेलो, तर म्हणतील शांतता आली. जहाज तेच, माणसं तीच. नुसतं पांढऱ्या रंगानं रंगवायचं. त्या रंगात केवढं बळ आहे, बाई, ते तोफखान्यात नाही. आणि तो रंग आपल्या कोठारात मिळत नाही. तो सभेकडूनच घ्यावा लागतो. ज्याच्या घरी सेना जायची, त्या घरच्यानं 'या' म्हणावं लागतं."

"म्हणजे अक्कानं."

"म्हणजे तुम्ही," मास्तर हसले.

मैनाच्या अंगावर शहारा आला, भीतीचा नव्हे, थक्क झाल्याचा. एवढा थोरला देश, त्याची विमानं ढगांना भोकं पाडत जातात, त्याच्या नाण्यावर जगाचा बाजार उठतो-बसतो, आणि तो देश एका शिक्षकाच्या पोरीचं पुढचं वाक्य काय असेल, म्हणून श्वास धरून बसला आहे!

तालमी सुरू झाल्या. मास्तर राजदूतबाईंच्या जागी बसत. मैना खुर्चीत रेलली, खुर्ची कुरकुरली, आणि मैना अक्का झाली.

"परके निरीक्षक आमच्या गल्लीबोळांतून एकटेच फिरणार?" ती म्हणाली. "आमचे पोलीस सोबत नकोत का?"

मास्तरांनी टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार होतं. किती रास्त मागणी! तुमचे पोलीस सोबत राहतील, आणि दोघांचं जमावं म्हणून बंदरात एक सामाईक कचेरी असेल, तिच्यावर बिनतारी मनोरा असेल, खर्च आमचा.

"तुमची माणसं आजारी पडली तर आमच्या इवल्याशा इस्पितळातल्या खाटा अडवतील," अक्का होऊन मैना म्हणाली.

खरंच की! आम्ही इस्पितळाचं जहाजच आणतो. बेटावरच्या लोकांवरही त्यात फुकट उपचार होतील. फक्त ते मोठं आहे, त्याला खोल पाण्यातला धक्का कायमचा लागेल.

"जहाजं आमच्या कोळ्यांची जाळी फाडतील."

फाडू देणार नाही! जाळ्यांच्या राखणीला आमच्या छोट्या बोटी फिरतील, आणि गोंधळ नको म्हणून बंदरातली ये-जा शांतिसेना बघेल.

शेजारी गृहस्थ टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा! मागेल ते मिळतंय. बेट, माझ्यासाठी एक घर मागा."

मैनाही हसली. खुर्चीत बसलेली अक्का समाधानी होती. तिचं प्रत्येक म्हणणं ऐकलं गेलं होतं. आयुष्यात तिचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं, बाबांनीसुद्धा.

संध्याकाळी ती बसनं घरी निघाली. खिडकीशी बसल्या बसल्या तिनं ठराव मनात पहिल्यापासून म्हणायला घेतला. पाठच झाला होता तो. पोलीस सामाईक कचेरीच्या हाताखाली. कचेरी बंदरात, मनोऱ्यासकट. खोल धक्का जहाजाला, कायमचा. समुद्रात राखणीच्या बोटी. बंदराची ये-जा त्यांच्याकडे. म्हणता म्हणता तिचे ओठ थांबले. बेटावर आता बेटाचं काय उरलं होतं? ठराव मांडला तेव्हा त्यात नुसती ने-आणीची जहाजं आणि मूठभर निरीक्षक होते. बाकीचं सगळं अक्कानं मागून घेतलं होतं. नव्हे, अक्का होऊन मैनानं मागून घेतलं होतं. मास्तरांनी एका शब्दाचीही जबरदस्ती केली नव्हती. ते नुसते 'हो' म्हणत गेले, आणि प्रत्येक 'हो'च्या पाठीवर एक ओझं ठेवत गेले.

उतरायचा थांबा मागे गेला तरी मैना बसून राहिली. राग यायला हवा होता, पण आधी आलं ते थक्क होणंच. कोळी जाळं टाकतो तेव्हा मासा पळतो. इथे मासाच एकेक गाठ सुचवत होता, आणि जाळं विणणारा दर गाठीला त्याचे आभार मानत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "आता आणखी काय? अक्कांच्या मनात अजून काही राहिलंय का? नीट विचार करा. परवा खरी सभा आहे."

राहिलं होतं. मैनाला ते ठाऊक होतं.

त्यांच्या आईला वाचता येत नसे. लग्नाआधी ती परक्यांच्या घरी वाढली, शाळेचं दारही तिनं पाहिलं नाही, आणि पुढे शिक्षकाशी संसार करूनही अक्षरांशी तिचं जमलं नाही. घरात काही कागद आला, भाड्याचा करार असो की दवाखान्याची चिठ्ठी, की ती पोरींना समोर बसवायची आणि स्वतःच्याच चालीत गुणगुणायची:

लेकी वाच गं कागद, वाच सावकाशीनं
कानानं पारखीन, जे न कळे डोळ्यानं

एकदा वाचून झालं की म्हणायची, "आता परत. अथपासून इतिपर्यंत. मध्ये थांबायचं नाही." एकदा घरमालकाचा माणूस करार वाचत होता. पहिल्यांदा त्यानं तो तुकड्यातुकड्यानं, समजावत, गोड आवाजात वाचला. दुसऱ्यांदा एका दमात वाचताना त्याचाच आवाज एका ओळीपाशी घसरला. आईनं तिथे बोट ठेवलं. अक्का तेव्हापासून तसंच करायची. कोणताही निर्णय घ्यायचा असला की चष्मा काढायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "सगळं एकदा वाचून दाखव."

पण ते बेटावरच्या दिवसांत. शांतिसभेत गेल्यापासून तिनं तसं केल्याचं मैनानं कधी पाहिलं नव्हतं. तिथे सगळ्यांपुढे छापील कागद असतो, मोठ्यानं वाचायला सांगायचा हक्क असला तरी तो कुणी वापरत नाही. कदाचित अक्का विसरलीही असेल. कदाचित परवा ती हसून मंजुरीचा हात वर करेल.

आणि आत्ता हे मास्तरांना सांगितलं, तर त्याचंही गोड उत्तर उद्यापर्यंत पिकेल.

खुर्ची कुरकुरली.

"नाही," मैना म्हणाली. "एवढंच."

मास्तरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कागद गोळा केले.

सभेच्या दिवशी तालमीच्या खोलीत मोठा पडदा लावला. सगळे देश आपापल्या खुर्च्यांत बसून खऱ्या देशांना बघत होते. पडद्यावर अक्का आली. थकली होती. साडीचा पदर खांद्यावर चापून घेतलेला, चष्मा नाकावर. ती बोलायला लागली आणि खोलीत कुणी श्वास घेईना. वाक्यामागून वाक्य, जसंच्या तसं, मैनाच्या तोंडचं. "परके निरीक्षक आमच्या गल्लीबोळांतून..." राजदूतबाई अदबीनं झुकल्या, "किती रास्त मागणी!" इस्पितळ. जाळी. तीच थांबण्याची जागा, तोच उसासा. मैनाला वाटलं, आपण बोलतोय आणि तिकडे दूर अक्काचे ओठ हलताहेत. शेजारी गृहस्थ पुटपुटले, "बाई, तुम्ही भूत आहात का कोण?" त्यांच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती.

दालनात टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "बेटाच्या सन्माननीय प्रतिनिधींचं समाधान झालं असेल, तर मतदानाला जाऊ."

अक्का हसली. तिचा हात टेबलावरून उचलला गेला.

हात वर गेला नाही. तो चष्म्याकडे गेला.

चष्मा काढून अक्कानं डोळे मिटले. "एकदा सगळं वाचून दाखवता का? दुरुस्त्यांसकट. अथपासून इतिपर्यंत, मध्ये न थांबता."

दालनात कुजबुज झाली. सचिवांनी नियमाची चोपडी चाळली, मान हलवली आणि वाचायला सुरुवात केली. कोरडा, सरकारी, निर्विकार आवाज. पोलीस कचेरीच्या हाताखाली. कचेरी बंदरात. मनोरा. धक्का, कायमचा. बोटी. ये-जा. एकेक करून ऐकताना जे नजराण्यासारखं वाटलं होतं, ते एका दमात ऐकताना पायऱ्या उतरून घरात शिरत असल्यासारखं वाटत होतं. टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून टाळ्यांचा उजेड ओसरत गेला. राजदूतबाईंनी हातातला कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

वाचन संपलं. अक्कानं डोळे उघडले. "हे मी मागितलं?" ती म्हणाली. अगदी हळू, पण लाल दिवा लागलेला होता. "मग मी मागितलेलं सगळं परत घेते. आमच्या बेटाची संमती नाही. आमची डोकी आमची आम्ही बांधू. निरीक्षक हवेत, ते छोट्या देशांचे द्या, बिनजहाजांचे."

ठराव बाजूला ठेवला गेला. मग तालमीच्या खोलीत एक टाळी ऐकू आली. मास्तर उभे राहून पडद्याकडे बघत हळूहळू टाळ्या वाजवत होते, डोळ्यांत खरंखुरं कौतुक. "वा," ते म्हणाले. "काय बाई आहे!"

मग ते मैनाकडे वळले. "हे तुम्हाला ठाऊक होतं."

मैना पडद्याकडेच बघत राहिली.

"असू द्या," मास्तर मऊपणे म्हणाले, आणि त्या मऊपणानं तिच्या पाठीतून गार वारा गेला. "आता आम्हालाही ठाऊक झालं. आपल्याला कसली घाई नाही, बाई. या वर्षी नाही, तर पुढच्या. ठराव असा लिहायचा, की कितीदाही वाचला तरी कानाला गोडच लागेल. उद्या सकाळी सगळे इथेच. त्या चष्मा काढतात, तिथून सुरू करू."

बाहेर रस्त्यावर ऊन कलतं झालं होतं. दुकानांच्या पाट्या चमकत होत्या, माणसं भाजी घेऊन घरी चालली होती. मैनाला वाटलं होतं, गप्प राहिलं की झालं. पण हा देश रागावलासुद्धा नाही. समुद्र कधी लाटेवर रागावतो का? ती फुटली की मागून दुसरी पाठवतो. आणि त्या दुसऱ्या लाटेलाही तो मैनाचाच गळा मागणार होता.

घरी आल्यावर तिनं दूध तापत ठेवलं आणि स्वयंपाकघरातूनच अक्काला फोन लावला. आजचा नेहमीचा वार नव्हता. फोन कुणी ऐकत असेल तर ऐकू दे, असं मनाशी म्हणत ती खाली फरशीवरच बसली.

"मैने? आज कसा गं फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बघितलं तुला."

"बघितलंस?" अक्का लहान पोरीसारखी हसली. "आईची आठवण झाली गं एकदम. हात वर करणारच होते. पण मैने, एक सांगू? आज मला घाबरायला झालं. मी तोंड उघडायच्या आधीच त्या बाईकडे उत्तर तयार. मी काय म्हणणार, कुठे थांबणार, सगळं तिला माहीत! असं वाटलं, माझ्या डोक्यात कुणीतरी बिऱ्हाड केलंय."

शेगडीवरचं दूध वर येत होतं. मैनानं ते पाहिलं आणि उठली नाही.

"मैने? आहेस ना?"

"अक्का," मैना म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात, "मी फायली लावत नाही. इथे एक खोली आहे, अगदी तुमच्या दालनासारखी. तिथे तुझ्या खुर्चीत मी बसते. आज तुला जी उत्तरं मिळाली, त्यांचे प्रश्न मी दिले होते. उद्या सकाळी पुन्हा तालीम आहे. तू चष्मा काढतेस, तिथून पुढे."